डॉक्टर होण्याची वाट

गेल्या वर्षी आनंदीबाई जोशी यांच्या जयंतीनिमित्त आपल्या मंडळात मी दोन शब्द बोलले होते. भाषण नीट लिहून काढले होते. सनावळ्या पाठ केल्या होत्या. टाळ्याही झाल्या. पण चहा येण्यापूर्वी मागच्या रांगेतून एका वयोवृद्ध भगिनींनी सरळ विचारले, "अहो, सगळं ऐकलं. पण बाईनं रोगी किती तपासले?"

सभेत थोडा हशा पिकला. मला मात्र हसू आले नाही, कारण या प्रश्नाचे उत्तर माझ्या कागदावर नव्हते. घरी येऊन पुन्हा पुस्तके काढून बसले. उत्तर मिळाले, आणि ते शोधता शोधता दुसऱ्याही एका बाईंची नीट ओळख झाली. यंदा चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा म्हटले, त्या आजींचे राहिलेले उत्तर या निमित्ताने देऊन टाकावे. मी काही इतिहासकार नव्हे. वाचले, समजले, ते आपल्या घरगुती भाषेत मांडते आहे.

प्रथम तो काळ कसा होता ते पाहिले पाहिजे. आपल्याकडे बाळंतपण सुईणीच्या हाती असे. पुरुष डॉक्टरला नाडी दाखवायचीदेखील कित्येक घरांतील बायकांना चोरी होती. दुखणे अंगावर काढावे, देवाला नवस बोलावा, आणि नशिबात असेल तर वाचावे. स्त्रियांना स्त्री डॉक्टर हवी हे कळत सर्वांनाच होते. पण ती यावी कोठून? मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली निघाले, ते मुलांसाठी. मद्रासच्या मेडिकल कॉलेजाने १८७५ साली चार स्त्रियांना प्रवेश दिला, हीच हिंदुस्थानातील मोठी नवलाई.

आणि हे केवळ आपल्याकडेच होते असे समजू नये. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय १८५० साली स्थापन झाले. तेथील विद्यार्थिनी १८६९ साली शहरातल्या मोठ्या रुग्णालयात धडा ऐकण्यासाठी गेल्या, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी आरडाओरडा करून त्यांची हेटाळणी केली. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये एडिंबरो येथे मुली शरीरशास्त्राच्या परीक्षेला निघाल्या, तर त्यांच्या वाटेत गर्दी करून त्यांच्यावर चिखल फेकण्यात आला. त्या मुलींतच एडिथ पीची नावाची एक विद्यार्थिनी होती. रसायनशास्त्रात तिने उत्तम गुण मिळवले, तरी ज्या शिष्यवृत्तीवर तिचा हक्क होता ती तिला नाकारण्यात आली. एडिंबरोने या मुलींना पदवी दिलीच नाही. पीचीबाईंनी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जाऊन १८७७ साली ती मिळवली. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे मुंबईत आपली त्यांच्याशी गाठ पडणार आहे.

आता आनंदीबाईंकडे वळू. त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना, घराणे कल्याणचे. नवव्या वर्षी लग्न झाले. पती गोपाळराव जोशी पोस्टखात्यात कारकून होते. वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे आणि बिजवर. बायकोला शिकवायचे हा त्यांचा ध्यास. मात्र त्या शिकवण्यात धाक होता, प्रसंगी मारही होता. ही गोष्ट आपण पुष्कळदा झाकून ठेवतो. परंतु झाकल्याने आनंदीबाईंचे मोठेपण वाढते असे मला वाटत नाही. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. योग्य उपचार मिळाले असते तर मूल राहिले असते, ही खंत त्यांच्या मनाला लागली आणि आपण डॉक्टर व्हायचे हा विचार तेथून पक्का होत गेला.

गोपाळरावांच्या बदल्या होत; अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर. मुंबईत त्या शाळेला जात, तर रस्त्यात लोक टिंगल करीत. गोपाळरावांनी १८८० च्या सुमारास एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणाची काही सोय होईल का, अशी विचारणा केली. त्या मिशनरी महाशयांनी ते पत्र आपल्या मासिकात छापले. न्यू जर्सी प्रांतातील रोझेल या गावच्या कार्पेंटरबाई दातांच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. समोर मासिक पडले होते, ते त्यांनी चाळले आणि त्यात हे पत्र त्यांच्या दृष्टीस पडले. ओळख ना पाळख. पण त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले, आणि मावशी-भाचीचे नाते जुळले.

त्यानंतर २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजच्या दिवाणखान्यात आनंदीबाईंनी इंग्रजीतून भाषण केले. वय वर्षे सतरा. लोक जे प्रश्न पाठीमागे कुजबुजत होते, तेच त्यांनी आपण होऊन सभेपुढे मांडले. अमेरिकेला कशासाठी जायचे? इथे सोय नाही का? एकटीने का? परत आल्यावर जातीबाहेर टाकले तर? परदेशी काही बरेवाईट झाले तर? आजवर जे कोणा बाईने केले नाही, ते हिनेच का करावे? एकेका प्रश्नाला त्यांनी शांतपणे उत्तर दिले, आणि मी हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन असे सांगितले. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून आगबोटीत बसल्या आणि ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. बरोबर पती नाही, घरचे माणूस नाही.

फिलाडेल्फियाच्या ज्या महाविद्यालयाचा वर उल्लेख केला, तेथे त्यांनी अर्ज केला. मुख्य अध्यापिका रेचेल बॉडली यांनी तो वाचून त्यांना तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. अभ्यास कठीण, थंडी भयंकर, आणि प्रकृती मुळातच नाजूक. डोकेदुखी, ताप, अशक्तता यांनी पाठ सोडली नाही. तरी ११ मार्च १८८६ रोजी त्या एम. डी. झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातील स्त्रियांच्या वॉर्डाची जबाबदारी त्यांना देऊ केली. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मुंबईच्या बंदरात उतरल्या, त्या क्षयाने पोखरलेल्या अंगाने. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. बावीसावे वर्षही पुरे झाले नव्हते. कोल्हापूरच्या त्या वॉर्डात त्यांचे पाऊल पडलेच नाही.

आजींच्या प्रश्नाचे हे पहिले उत्तर. ते लिहिताना हात जड होतो. पण खरे आहे ते लिहिले पाहिजे.

आनंदीबाई गेल्या, त्यानंतर बरोबर सहा दिवसांनी, म्हणजे ४ मार्च १८८७ रोजी, मुंबईच्या हायकोर्टात न्यायमूर्ती फॅरन यांनी एक निकाल दिला. एका बावीस वर्षांच्या बाईने एक महिन्याच्या आत नवऱ्याच्या घरी नांदायला जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगात बसावे, असा तो निकाल होता. त्या बाईंचे नाव रखमाबाई. त्यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, म्हणजे आनंदीबाईंहून त्या अवघ्या चार महिन्यांनी मोठ्या.

रखमाबाईंचे वडील जनार्दन पांडुरंग त्या लहान असतानाच वारले. आई जयंतीबाई. त्यांच्या जातीत विधवाविवाहाला मोकळीक होती. जयंतीबाईंनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले. ते ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवीत. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी ते एक. म्हणजे घरात डॉक्टर होता आणि पुस्तके होती. तरीही चाल सुटली नाही, आणि अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या तरुणाशी झाले. त्या माहेरीच राहिल्या. शाळा सुटली, पण मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून त्या घरीच शिकत राहिल्या. आईबरोबर प्रार्थना समाजाच्या आणि आर्य महिला समाजाच्या सभांना जात. आर्य महिला समाज म्हणजे आपल्यासारखेच बायकांचे मंडळ, हे मला येथे मुद्दाम सांगावेसे वाटते.

रखमाबाई नांदायला जाईनात, तेव्हा दादाजींनी १८८४ साली दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी सप्टेंबर १८८५ मध्ये तो फेटाळला. अजाण वयात लग्न झालेल्या आणि कधी नवऱ्याकडे न राहिलेल्या मुलीवर सक्ती करता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. देशभर गदारोळ उठला. लोकमान्य टिळक विरुद्ध गेले. बेहरामजी मलबारी बाजूने उभे राहिले. रखमाबाईंनी स्वतः 'एक हिंदू स्त्री' या सहीने टाइम्स ऑफ इंडिया पत्रात बालविवाहाविरुद्ध लिहिले. वरच्या कोर्टाने खटला फिरून ऐकायला लावला, आणि मग फॅरनसाहेबांचा तो निकाल लागला. रखमाबाईंनी सांगितले की मी तुरुंगात जाईन, पण या घरी जाणार नाही.

तेव्हाच्या मुंबईत एका बाईने हे म्हणायचे म्हणजे काय, याची कल्पना आपण करून पाहावी. सखाराम अर्जुन १८८५ सालीच वारले होते. घरात आधाराला आई. अखेर जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेतले आणि आपला हक्क सोडला. पुढे १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला आणि वयाची मर्यादा दहावरून बारा झाली. रखमाबाईंच्या खटल्याने पेटलेल्या वादाचा त्यात मोठा वाटा होता. पण रखमाबाई तेथे थांबल्या असत्या, तर आज मी त्यांच्यावर लिहायला बसले नसते.

येथे पीचीबाई पुन्हा भेटतात. मुंबईत स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर आणाव्यात म्हणून किट्रेज नावाचे अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापूरजी बंगाली यांनी फंड उभारला होता. त्या फंडातून एडिथ पीची १८८३ च्या अखेरीस मुंबईस आल्या. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून कामा हॉस्पिटल १८८६ साली सुरू झाले, आणि त्याचा कारभार बायकांच्या हाती आला. ज्या बाईवर एडिंबरोत चिखल फेकला गेला, तीच मुंबईत बायकांच्या दवाखान्याची प्रमुख झाली. रखमाबाईंना डॉक्टर व्हायचे आहे हे कळल्यावर पीचीबाईंनी त्यांना धीर दिला, मदत केली. वर्गणी जमली. इंदूरचे शिवाजीराव होळकर यांनीही पाचशे रुपये दिले. १८८९ साली रखमाबाई विलायतेला गेल्या.

लंडनमध्ये स्त्रियांसाठी वैद्यकाची शाळा १८७४ साली निघाली होती. एडिंबरोतून डावलल्या गेलेल्या सोफिया जेक्स-ब्लेक यांच्या खटपटीतून ती निघाली. आधी शिकवायला जागा मिळाली; रोगी पाहायला रुग्णालय मिळेना. ते रॉयल फ्री हॉस्पिटलने १८७७ साली दिले. परवाना देणाऱ्या मंडळांनी स्त्रियांची परीक्षा घ्यावी, एवढी मोकळीक देण्यासाठीदेखील १८७६ साली पार्लमेंटला कायदा करावा लागला. शिक्षण, रुग्णालय, परीक्षा, परवाना ही चार कुलपे होती आणि प्रत्येकाची किल्ली निराळ्या माणसाजवळ होती. आनंदीबाई आणि रखमाबाई यांच्या बुद्धीचे कौतुक आपण करतो ते योग्यच. पण ही कुलपे त्यांच्या आधी कोणी कोणी झिजवून ठेवली होती, हेही आपण विसरू नये.

रखमाबाईंनी १८९४ साली शिक्षण पूर्ण केले, आणि त्या परत आल्या. १८९५ पासून त्या सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या. सुरतेला त्यांनी वीसहून अधिक वर्षे काढली. पुढे १९१८ साली सरकारी सेवेतील जागा नाकारून त्या राजकोटच्या जनाना हॉस्पिटलात गेल्या आणि १९३० च्या सुमारास निवृत्त झाल्या. एकंदर ३५ वर्षे त्यांनी बायकांची दुखणी काढली, बाळंतपणे केली. ज्यांच्यासाठी तुरुंग सांगितला होता, त्यांच्याच हातून किती घरांत पाळणे हलले असतील! पुन्हा लग्न त्यांनी केले नाही. निवृत्तीनंतर मुंबईस राहून २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांनी देह ठेवला.

बंगालमध्ये कादंबिनी गांगुली याच सुमारास निघाल्या. त्यांनी तर कलकत्त्याच्याच मेडिकल कॉलेजात शिकून १८८६ साली परवाना मिळवला, पुढे विलायतेच्या परीक्षाही दिल्या, आणि संसार सांभाळून वैद्यकी केली. म्हणजे एकाच काळात तिघींनी तीन वाटा काढल्या. एकीला नवऱ्याने पुढे ढकलले, एकीने नवऱ्याला नकार दिला, एकीला नवऱ्याने साथ दिली.

मग आनंदीबाईंचे काय? त्यांनी रोगी तपासले नाहीत, म्हणून त्यांची वाट वाया गेली का? मुळीच नाही. मराठी मुलगी समुद्र ओलांडून डॉक्टर होऊ शकते, हे त्यांच्या आधी कोणी पाहिले नव्हते; त्यांच्यानंतर ते अशक्य आहे असे म्हणण्याची सोय उरली नाही. पण मला दुःख होते ते निराळ्याच गोष्टीचे. आनंदीबाईंचा फोटो आपण भिंतीवर लावला, त्यांच्यावर कादंबरी झाली, नाटक झाले, सिनेमा झाला. रखमाबाईंचे नाव मात्र आपल्या सभेत मी काढले तेव्हा निम्म्या भगिनींना खटलाही ठाऊक नव्हता आणि दवाखानाही. पदवी घेऊन अकाली गेलेली पतिव्रता आपल्याला जवळची वाटते. नवऱ्याला नाही म्हणून नव्वद वर्षे जगलेली आणि राबलेली बाई आपल्याला अवघड जाते. हे मी दुसऱ्यांना नाही, स्वतःलाच सांगते आहे. कारण माझ्याही भाषणात त्या नव्हत्या.

आज डॉक्टर व्हायला बोटीने जावे लागत नाही. बारावीनंतर नीटची परीक्षा, साडेचार वर्षांचा एम. बी. बी. एस. चा अभ्यास आणि वर्षभराची इंटर्नशिप, अशी वाट आखलेली आहे. मुली त्या वाटेने मोठ्या संख्येने जात आहेत. आपल्या गल्लीतही रात्री उशिरापर्यंत खिडकीत दिवा दिसतो. पण वाट तेथे संपते का? माझ्या पाहण्यात अशी लग्ने आहेत की पत्रिकेवर मुलीच्या नावाआधी 'डॉ.' ठळक छापले, आणि लग्नानंतर तिचा दवाखाना काही उघडला नाही. आधी सासरची माणसे, मग मूल, मग मुलाची शाळा. कोणी जुलूम केला असेही नाही. कोणी मूल सांभाळायला पुढे झाले नाही, एवढेच. तिची पाटी माळ्यावर पडून आहे. अशा वेळी आजींचा प्रश्न मला फिरून आठवतो, आणि तो आनंदीबाईंना विचारलेला वाटत नाही. तो आपल्याला विचारलेला वाटतो.

रखमाबाईंच्या पाठीशी आई होती, पीचीबाई होत्या, वर्गणी देणारे होते आणि आर्य महिला समाजासारखे बायकांचे मंडळ होते. आपले मंडळ काही कोणाला विलायतेला पाठवू शकणार नाही. पण दुपारी आपले सभागृह रिकामे असते; तेथे शेजारच्या मुलींना शांतपणे अभ्यास करता येईल. ज्या सुनेला दवाखाना पुन्हा सुरू करायचा आहे, तिचे मूल दोन तास सांभाळायला आपल्यातल्या चौघी आळीपाळीने तयार होतील, असा माझा विश्वास आहे. कार्यकारी मंडळाने याचा विचार करावा, ही विनंती. आणि यंदापासून ३१ मार्चबरोबरच २२ नोव्हेंबर हा दिवसही आपण पाळावा.

त्या आजींना माझे उत्तर असे: आनंदीबाईंना कोल्हापुरात एकही रोगी तपासता आला नाही. रखमाबाईंनी किती तपासले, त्याची मोजदाद माझ्याजवळ नाही. पस्तीस वर्षांचे धरावे. पुढचा आकडा आपल्या गल्लीतल्या मुलींनी भरायचा आहे, आणि त्यांना तो भरता यावा म्हणून हातभार आपण लावायचा आहे.